यमुनाबाई खोतांच्या फोटोची हकीकत

श्री. ऐका मंडळी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर. आंतरजालावर ज्ञानकोश म्हणून एक राज्य, तेथे राजा नाही, पगार नाही, ज्यास जे ठाऊक त्याने ते लिहावे आणि जगाने फुकट वाचावे, ऐसा थोर रिवाज. तेथे मृदुला चेऊलकर नामे एक लिहिणारी, अंगात भारी हुरूप. तिने डॉक्टर यमुनाबाई खोत यांचे पान लिहिले. बाई म्हणजे जन्मभर कडेकपारी हिंडून दगडफुलाच्या जाती हुडकणाऱ्या शास्त्रज्ञ, गेल्याच साली निवर्तल्या. पान झकास जाहले, परंतु फोटोच्या जागी नुसते करडे, बिनचेहऱ्याचे डोके. ते मृदुलेच्या जिवाला फार लागले. मग तिने, बाई जेथे चाकरीस होत्या त्या संस्थेच्या समारंभाचा फोटो पैदा केला आणि भला थोरला बाईंच्या पानावर, दगडफुलाच्या पानावर आणि संस्थेच्याही पानावर लावून मोकळी जाहली.

तोच चित्रांचे किल्लेदार विश्रामराव घाटे दत्त म्हणून हजर! म्हणाले, "ताई, फोटो ज्या स्टुडिओने काढला त्याचा. उतरवा." मृदुला कडाडली, "अहो, बाई गेल्या! नवा फोटो काढायला काय स्वर्गात माणूस धाडू?" किल्लेदार हसले आणि वदले, "तेच तर! जित्या माणसाचा नवा काढता येतो, म्हणून दुसऱ्याचा उचललेला चालत नाही. गेलेल्याचा चालतो, पण आधी कुणी राजीखुशीने देतो का पाहा." मग मृदुलेने बाईंची भाची गाठली. भाचीने पेटीभर फोटो ओतले आणि म्हणाली, "सगळी दगडफुलंच गं! कॅमेरा कायम मावशीच्या हातात, तिचा कोण काढणार?" मग हे वर्तमान ऐकून किल्लेदार म्हणाले, "तर लावा. पण एकाच पानावर, लहान करून, स्टुडिओचं नाव घालून, आणि गरजेपुरताच." "गरजेपुरता म्हणजे? पुढे खुर्च्यांवर संचालक, मंत्री. बाई मागे कोपऱ्यात उभ्या." "ते दोघे हयात आहेत ना? मग त्यांचं इथं काय काम? कापा!"

आणि मृदुलेने कात्री चालविली. संचालक गेले, मंत्री गेले, हारतुरे गेले. राहिल्या एकट्या यमुनाबाई, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, पदर खोचलेल्या, नजर फोटोवाल्याकडे नाहीच, बाजूच्या ओल्या भिंतीकडे. भाची पाहून म्हणाली, "अगदी मावशीच!"

येणेप्रमाणे स्टुडिओचा हक्क शाबूत राहिला, किल्लेदारांची शिस्त राहिली, आणि यमुनाबाई खोत प्रथमच पुढे आल्या. जाहले ते ऐसे.