आदर्श दांपत्याची ढाल

माणसाला घर लागते आणि कामही लागते, याबद्दल विचारवंतांत आता मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो एवढाच, की ही दोन्ही एकाच आयुष्यात बसवायची कशी. पिंपरीच्या आमच्या पवना टेलिफोन्स कंपनीने हा प्रश्न सत्त्याहत्तर साली कायमचा निकालात काढला. मी त्या वेळी कंपनीचा कल्याण अधिकारी होतो (कल्याण कोणाचे, हे नेमणूकपत्रात लिहिलेले नव्हते आणि पहिल्याच दिवशी विचारणे बरे दिसले नसते), म्हणून हा इतिहास मी अधिकाराने सांगू शकतो.

कंपनीत टेलिफोन तयार होत. काळे, जड, हातातून पायावर पडला तर आठवडाभर लक्षात राहील असे. देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे आमच्या टेलिफोनवरून एकमेकांची खुशाली विचारीत. आमच्या कामगारांपैकी कोणाच्याही घरी अर्थातच टेलिफोन नव्हता. अर्ज केला की काही वर्षांनी नंबर लागे, आणि तोवर जे बोलायचे होते ते एक तर विसरले जाई किंवा खरे ठरून जाई.

कारखान्यात नवरा-बायको दोघेही कामाला असलेली जोडपी पुष्कळ होती. पुरुष जोडणीत आणि तपासणीत, बायका वाइंडिंगमध्ये. केसाएवढ्या तारेची वेटोळी गुंडाळायला बायकांचीच बोटे लागतात, असे परदेशातून आलेला एक तज्ज्ञ सांगून गेला होता (तो स्वतः अविवाहित होता). आता अशी दोघे एकाच शिफ्टला ठेवली, तर काय होते ते पाहा. एकाला ताप आला की दुसरा उशाशी बसतो. एका मेहुण्याच्या लग्नापायी दोन मशीन बंद पडतात. म्हणून कंपनीने नियम केला, की नवरा फर्स्टला तर बायको सेकंडला, आणि पुढच्या आठवड्यात उलट. फर्स्ट सकाळी सहा ते दोन, सेकंड दोन ते रात्री दहा. शिवाय विजेची टंचाई असल्यामुळे तपासणी विभागाला सुट्टी गुरुवारी आणि वाइंडिंगला रविवारी, आणि एकाच्या सुट्टीला दुसऱ्याला दिवसभर ओव्हरटाइम. रात्री दोघे घरात असत हे खरे. पण सेकंडवाला घरी पोचेपर्यंत पहाटेच्या बससाठी फर्स्टवाला झोपलेला असे, आणि झोपलेल्या माणसाशी कोणाचे भांडण झाल्याची नोंद आमच्या विभागात नाही.

अशा रीतीने घर रिकामे राहत नसे आणि मशीनही रिकामे राहत नसे. यालाच आम्ही समतोल म्हणत असू. तराजूचे एक पारडे वर गेले की दुसरे खाली येते. दोन्ही पारडी एकदम घरी येऊन बसू लागली तर तो तराजू कसला?

आता संसार म्हटला की थोडेफार बोलावे लागतेच. ते बोलणे दुपारी दोनला गेटवर होई. आत जाणारी बायको बाहेर पडणाऱ्या नवऱ्याच्या हातात खोलीची किल्ली ठेवी, आणि भोंगा होईपर्यंत जे सुचेल ते बोलून घेई. याने गेटमध्ये गर्दी होऊ लागली. दुसरी एखादी कंपनी असती तर तिने हे बोलणे बंद केले असते. आम्ही त्याची योजना केली. द्वार-संवाद योजना असे तिचे नाव. गेटमध्ये पांढरी रेघ मारली. येणाऱ्यांनी रेघेच्या आत उभे राहायचे, जाणाऱ्यांनी बाहेर. हात रेघेपलीकडे फक्त किल्लीपुरता न्यायचा. रडायचे असल्यास आदल्या दिवशी सुपरवायझरला सांगावे. पहिल्या वर्षाच्या पाहणीत असे आढळले, की या संवादात किल्ली एकतीस टक्के, दूध बावीस टक्के, रॉकेल एकोणीस टक्के, सासूबाईंचे पत्र अकरा टक्के, आणि उरलेले सतरा टक्के नुसते 'बरं, येते' होते. प्रेमाचा टक्का काढायचा राहिला, कारण तो कोणत्या रकान्यात घालावा यावर लेखा विभागाशी पत्रव्यवहार चालू होता.

ओव्हरटाइममुळे एखाद्या जोडप्याची चुकामूक झाली, तर किल्ली आणि निरोप गेटवरच्या वॉचमनकडे ठेवायचा. हे वॉचमन म्हणजे भिमाजी. कुरुळीहून सायकलवर येत. मिशा पांढऱ्या, आवाज भोंग्याला लाजवील असा. लाखो टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत नवरा-बायकोंमधली लाइन म्हणजे भिमाजी, आणि ती कधी बंद पडली नाही.

या योजनेचे फळ म्हणजे श्याम जगदाळे आणि त्याची पत्नी मृदुला. दोघे साताऱ्याकडचे. श्याम तपासणीत, मृदुला वाइंडिंगमध्ये. लग्नाला दोन वर्षे झालेली, चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत खोली, आणि दोन वर्षांत भांडण शून्य. भिमाजींना विचारले तर म्हणाले, "ग्वाड जोडी हाय सायेब. मी सोता निरोप देतो न्हवं." मी तत्काळ कंपनीच्या वर्धापनदिनासाठी आदर्श दांपत्याची ढाल करायला टाकली. सागवानी लाकूड, वर पितळी रिसीव्हर, खाली नावे कोरण्यासाठी मोकळी पट्टी.

ढाल यायच्या आतच मृदुलाचा अर्ज आला. आम्हा दोघांना एकाच शिफ्टला घ्यावे.

मी तिला बोलावून घेतले. "तुम्हाला काही त्रास आहे का?" मी विचारले.

"त्रास नाही साहेब. लग्न झाल्यापासून ह्यांना तव्यावरची गरम भाकरी मी एकदाही वाढलेली नाही."

"मग ते काय खातात?"

"झाकून ठेवलेली. आणि ह्यांनी केलेली खिचडी मी खाते, तीही झाकून ठेवलेली. साहेब, हे जेवताना कसे दिसतात ते मला माहीत नाही."

मी तिला समजावून सांगितले, की जेवताना कोणीच फारसे चांगले दिसत नाही. शिवाय ढालीचेही सांगितले. आदर्श जोडप्यानेच एक शिफ्ट मागितली, तर बाकीच्यांनी कोणाकडे बघायचे?

"एकमेकांकडे, साहेब," ती म्हणाली.

हे उत्तर मुद्द्याला धरून नसल्यामुळे मी ते नोंदवले नाही. अर्ज नामंजूर झाला. कारण असे लिहिले, की अर्जदारांचे सहजीवन अत्यंत समाधानकारक असल्याने ते सुरू करण्याची गरज दिसत नाही.

ती उठून गेली तेव्हा तिचे डोळे भरले होते. आदल्या दिवशी सुपरवायझरला सांगितलेले नव्हते, पण मी तिकडे कानाडोळा केला. नियम माणसांसाठी असतात, असे माझे पहिल्यापासून मत आहे.

आणि मग तो मंगळवार आला. शिफ्ट बदलण्याच्या सुमारास कंपनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दिवे गेले, पंखे गेले आणि भोंगा विजेवरचा असल्यामुळे तोही गेला. फर्स्टचे लोक रेघेच्या आत खोळंबले, सेकंडचे बाहेर. (दिशा उलट झाली आहे, हे माझ्या लक्षात आले होते, पण भोंग्याशिवाय कोणी कोणाला सांगायचे?) मृदुलाला गर्दीत श्याम दिसेना, म्हणून तिने किल्ली नेहमीप्रमाणे भिमाजींकडे ठेवली. ज्यांची गाठ पडली, ती जोडपी बोलू लागली. किल्ली झाली, दूध झाले, रॉकेल झाले. भोंगा होईना. सासूबाईंचे पत्र झाले, तरी भोंगा होईना. विषय संपले आणि माणसे नुसतीच एकमेकांकडे पाहत उभी राहिली. असा प्रसंग योजनेत धरलेला नव्हता.

शेवटी भिमाजी ओरडले, "भोंगा न्हाई व्हायचा आता! लाईट उद्याच्याला येनार. घरला जावा समदी. व्हय, दोगं बी जावा!"

गर्दी पांगताना श्याम आणि मृदुलाची गाठ पडली आणि ती एकत्र घरी गेली. सगळा रस्ता दोघेही खुशीत होती, असे पाहणारे सांगतात. दारात पोचल्यावर श्यामने किल्लीसाठी हात पुढे केला, आणि त्याच क्षणी मृदुलानेही केला. दोन वर्षांची सवय अशी, की घरी जाताना किल्ली समोरच्याकडे असते. ती होती भिमाजींच्या खिशात, आणि भिमाजी एव्हाना कुरुळीच्या वाटेला लागले होते.

पुढे काय झाले, ते शेजारच्या सुभद्राबाईंच्या जबानीत आले आहे. चौकशी मीच केली.

"आधी किल्लीवरनं लागली," सुभद्राबाई म्हणाल्या. "ती म्हणे, भिमाजींकडून घेतली नाहीत? तो म्हणे, तू घरी येणार तर भिमाजींकडे ठेवलीस कशाला? मग जी जुंपली! सगळी चाळ गोळा झाली. ती म्हणाली, दिवाळीत मी रागावून निरोप ठेवला होता, माहेरी चालले म्हणून, तर तुम्ही साधं थांब म्हणाला नाहीत! तो म्हणाला, मला तर भिमाजींनी सांगितलं, बाई म्हणाल्या पोटभर जेवून घ्या. मग त्यानं विचारलं, आणि मी ठेवला होता, की तुझ्या हातचं आळणी खाऊन कंटाळलोय, तो पोचला का? ती म्हणाली, मला मिळाला तो असा, की मालक म्हनलं, गजरा आणतो. आठ दिवस वाट पाहिली मी गजऱ्याची."

"मग?"

"मग काय, हसायला लागली दोघं. पायरीवर बसून, पोट धरून. नंतर माझा बत्ता नेऊन कुलूप फोडलं. संध्याकाळी भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. गरम गरम वाढत होती ती. तो खाली बसून खात होता आणि ती बघत होती. बत्ता अजून परत आला नाही साहेब, तेवढं लिहून घ्या."

भिमाजींनाही बोलावले. निरोप बदलल्याचा आरोप त्यांनी मान्य केला.

"सायेब, मानसं पिरमाची, पर दमल्यावर बोलत्यात वाकडं," ते म्हणाले. "निरोप समदा कशापायी द्यायचा? त्यातला राग तेवढा मी काढून ठेवीत हुतो."

"काढून ठेवला तो राग कुठे आहे?" मी विचारले. कंपनीच्या आवारात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद असावी लागते.

"हितंच हाय की," भिमाजी छातीवर हात ठेवून म्हणाले. "जड झालंय आता."

चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट होता. जगदाळे दांपत्यात भांडण झाले, तेही सार्वजनिक जागी आणि मोठ्या आवाजात. त्यामुळे ढाल रद्द करणे भाग पडले. पण पुढची पायरी माझ्याशिवाय कोणाला सुचली नसती. समतोल एकदा बिघडलेले जोडपे विरुद्ध शिफ्टमध्ये राहू दिले, तर योजनेचे सगळे आकडे नासतात. सबब त्यांना योजनेतून काढून टाकणे, म्हणजेच एकाच शिफ्टला टाकणे, हीच योग्य शिक्षा. हुकूम मी मृदुलाच्या हातात दिला. तिने तो वाचला आणि 'साहेब, तुमचे उपकार' म्हणाली. शिक्षेची जाणीव कामगारवर्गात किती कमी असते, याचा हा पुरावा.

त्यानंतर महिनाभरात पिंपरी-चिंचवडमध्ये भांडणांची साथ आली. आमचे एकेक जोडपे चाळीच्या दारात उभे राहून, साक्षीदार जमेपर्यंत धीर धरून, रीतसर भांडू लागले. ज्यांना भांडता येत नव्हते ते सुभद्राबाईंकडे जात. (त्यांना बत्ता नवा मिळाला.) मी एकामागून एक शिक्षा ठोठावीत गेलो आणि वर्षअखेर योजनेत एकही जोडपे उरले नाही. पांढरी रेघ पुसट झाली. भिमाजी दोनच्या सुमाराला उगाच गेटमध्ये येऊन उभे राहत आणि निरोप काही आहे का, असे विचारीत. नसे.

ढाल मात्र माझ्याकडेच पडून राहिली, म्हणून एके संध्याकाळी मी ती घरी नेली. मी जनरल शिफ्टचा माणूस. सहाला सुटतो, साडेसहाला घरी, रविवार मोकळा. पत्नी पद्मजाही घरीच असते. बारा वर्षांत आमच्या घरात आवाज चढलेला नाही. मी ढाल टेबलावर ठेवली.

"काय आहे?" पद्मजाने विचारले.

"आदर्श दांपत्याची ढाल."

"कोणाला मिळाली?"

"अजून कोणालाच नाही. एकही जोडपे नियमांत बसत नाही."

तिने पितळी रिसीव्हरवरून पदराने धूळ पुसली. तो उचलून कानाला लावला, थोडा वेळ ऐकले आणि परत ठेवला. "मी जेवलेय," ती आत जाता जाता म्हणाली. "ताट झाकून ठेवलंय."

तर ढाल अजून शिल्लक आहे. पट्टीवर नावे घालायची बाकी आहेत. अट एकच, घरात भांडण होत नसावे. वाचकहो, तुम्ही हे वाचत असताना तुमचे माणूस त्याच खोलीत बसलेले असेल, आणि वाचायला घेतल्यापासून दोघांपैकी कोणी अवाक्षर काढले नसेल, तर वेगळा अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. नुसता पत्ता कळवावा. ढाल घरपोच होईल. घ्यायला दोघांपैकी कोणीही एक दारात आले तरी चालेल.