काटा बरोबर आहे

पाचव्या महिन्यातही बाथरूममधल्या काट्याने बायकोचं वजन छप्पन्न किलोच दाखवलं आणि निरीक्षकांनी गरोदरपणाचं पुस्तक उघडलं. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. घरचा काटाही ते दर रविवारी सरकारी वजनं ठेवून तपासत. काट्यात खोट असणं शक्यच नव्हतं. म्हणजे बाळच वाढत नव्हतं.

पुस्तकात लिहिलं होतं, या दिवसांत रोज तीनेकशे कॅलरी जास्त लागतात. निरीक्षकांनी सहाशे धरल्या. दोन अंड्यांची चार झाली, दुधाचा पेला गेला आणि तांब्या आला.

"अहो, दुसरा जीव अजून वीतभरच आहे," बायको कळवळून म्हणाली.

"बोलण्यात कॅलरी जातात. खा."

पुढच्या रविवारी आकडा पंचावन्नवर आला.

"अगं, तू गुपचूप टाकून तर देत नाहीस ना?"

"कधी टाकणार? तुम्ही समोरून हलता का?"

मग दुधात साय आली, सायीवर बदाम आले आणि बायकोचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. महिनाअखेरीस आकडा चोपन्न. निरीक्षकांच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनी रजा टाकली, कामाची पिशवी उचलली आणि बायकोला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि काट्यावर उभं केलं. एकसष्ट.

"मागच्या महिन्यात इथे सत्तावन्न होतं. महिन्यात चार किलो? जरा जास्तच होतंय हे."

"तुमचा काटा चुकतोय," निरीक्षक म्हणाले. त्यांनी पिशवीतून वजनं काढली, बायकोला उतरवून ती एकेक करून काट्यावर मांडली. बाहेर बसलेल्या बायका दारातून डोकावू लागल्या. काटा बरोबर निघाला. त्यांनी पुन्हा मांडली. पुन्हा बरोबर.

"घरी कशा उभ्या राहता, दाखवा बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बायको काट्यावर चढली. तिचा डावा हात आपसूक बाजूला गेला आणि टेबलाच्या कडेवर रेलला. आकडा चोपन्नवर घसरला.

"हात कशाला?"

"घरी इथे बेसिन असतं. चक्कर येऊन पडशील, आणखी घट्ट धर, असं हे दर रविवारी बजावतात."

"आणि हे तेव्हा कुठे असतात?"

"खाली वाकून आकडा बघत."

निरीक्षकांनी वजनं पिशवीत भरली. "मग बाळ?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बाळ छान वाढतंय. यांना नेहमीचं जेवण द्या, वर थोडंसं, आणि फिरू द्या."

महिनाभर दाबून ठेवलेली भीती एकदम सुटली. निरीक्षकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात टेकून भार टाकला. तिने टेबलावरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला. नर्सने काट्याकडे पाहून वहीत त्रेसष्ट लिहिलं.

"ते खोडा," बायको म्हणाली. "वरचे दोन यांचे आहेत."