गुरुदासबाब सही करत नाहीत

पणजीच्या आमच्या प्रयोगशाळेत गुरुदासबाब कुणाच्याही रक्ताच्या रिपोर्टवर तीनदा तपासल्याशिवाय सही करत नसत. कँटीनच्या चहालाही सुटका नव्हती. "साखर घातल्या, की घातल्यासारकी दिसता?" असं विचारूनच ते कप उचलत.

आमचं काम हॉर्मोन मोजण्याचं. नळीत एक प्रथिन असतं, त्याला रक्तातलं हॉर्मोन जाऊन चिकटतं. किती चिकटलं ते यंत्र सांगतं. आमचा यंत्रावर विश्वास होता, गुरुदासबाबांचा नव्हता. "चिकटलां तें कोण, तें यंत्राक खंय कळटा?" हे त्यांचं पालुपद. गोवा राज्य झालं तेव्हा मी पेढा पुढे केला, तर हातानं थांबवून म्हणाले, "रांव, नळी मोजून जांव दी." मराठी-कोकणीच्या वादात मात्र ते कुठेच चिकटले नाहीत.

एकदा पेडण्याहून एक सासू सुनेचा रिपोर्ट न्यायला आली. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. आकडा भलताच वाढलेला निघाला. मी कागद पुढे करताच गुरुदासबाबांनी तो काढून घेतला.

"फाल्यां येयात," त्यांनी काम उद्यावर ढकललं.

"फाल्यां कित्याक? दोष तिचोच न्हय?"

"तें अजून थारूंक ना."

त्यांनी नमुना निम्मा पातळ केला. आकडाही निम्मा व्हायला हवा होता, झाला नाही. म्हणजे प्रथिनाला भलतंच काहीतरी चिकटत होतं. ते अडवून पुन्हा मोजलं, तर हॉर्मोन अगदी हवं तेवढंच.

सासूची वाट न बघता ते रजा टाकून पेडण्याच्या बसमध्ये चढले. मी तिथलाच, म्हणून मलाही ओढलं. घरात सगळे जमले तेव्हा त्यांनी कागद सुनेच्या हातात दिला. "बाय, तुज्या रगतांत कांय वायट ना. आतां घोवाक तपासूंक धाड."

नवऱ्याच्या तपासणीचं नाव काढल्यावर आम्हांला कुणी पाणीही विचारलं नाही.

परतताना ते मला सर्वणला आपल्या घरी घेऊन गेले. दार उघडणाऱ्या बाईंना मी वहिनी म्हणालो.

"बायल न्हय, भयण," ते म्हणाले. "मूल जायना म्हूण घोवान हांगा हाडून सोडली. वीस वर्सां जालीं."

"तपासणीत काय निघालं होतं?"

"तपासलेंच ना कोणें."

बहिणीनं चहा आणून ठेवला. पेडण्याची हकिगत तिनं उभ्यानंच ऐकली, मग हळूच विचारलं, "आतां तिका घरांत ठेवतले?"

गुरुदासबाबांनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.