परबांचं कोपर

परबांचा स्वतःच्या कोपरावर फार विश्वास. कामाची जागा बरोबर कोपराच्या उंचीला हवी, म्हणायचे. कुवेतला अब्बासियात आम्ही चौघे एका फ्लॅटमध्ये राहायचो. तिथला ओटा त्यांनी पहिल्याच दिवशी कोपर टेकवून नापास केला. "कोपराक पटणा नाय," म्हणाले, आणि पोळपाट घेऊन जमिनीवर बसले ते कायमचेच.

परब कुडाळकडचे, धंद्याने टर्नर. अबू फहद नावाच्या कुवेतीकडे शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचे. परवान्याचं दुकान होतं, उगाच दचकू नका. दुकानातलं जुनं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, थकलं तेव्हा मालक म्हणाला, नवीन बघ, ते उभं राहिलं की तुझ्या मुलाला व्हिसा देतो. मुलगा आयटीआय करून घरी बसलेला. दुसरा कोणी असता तर त्याने पहिल्याच दुकानातलं मशीन उचललं असतं.

गाडी माझी, त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी शुवैखच्या बाजारात फरफटही माझी. परब काखेत बंदुकीची एक बाद नळी मारून हिंडायचे. लोक आपणहून वाट द्यायचे. ती नळी मशीनच्या पोकळ दांड्यातून आरपार गेली पाहिजे, ही पहिली अट. गेलीच, तर मशीन सुरू करून वर तळहात ठेवायचे आणि थरथर लागली की तोंड वाकडं करायचे. "ह्येका हीव भरलाहा!"

शेवटी अबू फहद वैतागला. "परब, मशीन लेना है या शादी करना है?"

"शादी में गलती चलता है, अरबाब. नली में नहीं चलता."

मग एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये एक जुनं, जाडजूड लेथ सापडलं. परबांनी हात ठेवला. "ह्या गप आसा," म्हणाले, आणि सौदा झाला.

पण दुकानात आणल्यावर त्यांनी स्टँडचे पाय चांगले वीतभर कापून घेतले. आता काम करताना स्वतः कमरेत वाकायचे. मला राहवेना. "अहो परब, कोपराचं काय झालं?"

"माझ्या कोपराचा काय घेवन बसलास, जोश्या?" मुलाची उंची दाखवायला त्यांनी आपल्या कानाशी आडवा हात धरला. "झील माझो एवढो. मशीन तेका होया."

दर सुट्टीला शिकारीचा हंगाम आडवा यायचा आणि गावी जाणं राहायचं. परबांनी मुलाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो नववीत होता.

मुलगा आला. दुकानाच्या दारात त्याला मान वाकवावी लागली. लेथपाशी उभा राहिला, हँडल धरायला जवळजवळ दुमडला आणि भीतभीत म्हणाला, "बाबा, ह्या मशीन खूप खाली आसा."

अबू फहद खो खो हसला. "परब, नाप गलत!"

परब हसले नाहीत. मशीन उचलायला ठोकळे किती जाडीचे लागतील ते बघायला त्यांनी मुलाच्या कोपराखाली हात धरला. "केदो झालंस रे," एवढंच म्हणाले. माप घेऊन झालं तरी हात काढेनात.

मला फार वाईट वाटलं. ठोकळे शोधतो म्हणून मी बाहेर गेलो.