मांडवाखालचा सौर पंप

वीस वर्षं मी भोकरच्या शाळेत विज्ञान शिकवतोय! त्यामुळे शेतातल्या बोअरवर सौर पंप बसवताना जो सल्ला द्यायला आला, त्याला मी एकच सांगितलं, "मला शिकवू नका!"

हळद माझ्या बायकोची, मालविकाची. पावसानं दडी मारलेली, पानं सुकून सुरळी झालेली. तिनं बजावलं, "आज दुपारपर्यंत पाणी न्हाई आलं, तर शेत राघवेंद्र बघंल!"

राघवेंद्र म्हणजे माझा लातूरचा मेव्हणा. मी हरतोय कधी, याच आशेवर तो जगतो.

मी थाटात उद्घाटनच ठेवलं. शंभर माणसं, भजी, नारळ आणि ऑक्टोबरच्या उन्हासाठी भला मोठा मांडव!

बटण दाबलं. आवाजच नाही! जुनी मोटर सुरू होताना म्हशीसारखी हंबरायची.

"मोटर गेली, दाजी!" राघवेंद्र आनंदानं ओरडला.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा!

"सर, हात काढा!" मेकॅनिक रियाज धावला. "हिला ड्राइव्ह हाय, म्हंजे वेग सांभाळणारी पेटी. हळूहळू वेग घेती, वीज कमी खाती. तुम्ही नुसतं चालू-बंद करून राहिले!"

हात काढला. पाइप थरथरला आणि पाणी धो धो हळदीत! टाळ्याच टाळ्या! मला चढलीच. "सूर्य आता आपला सालगडी! ही महावितरणची लाइन हवीच कशाला?" म्हणत मी सगळ्यांदेखत लाइनचा मेन स्विच खाली पाडला.

पाणी बंद.

रियाजनं मांडवाकडे पाहिलं. "सर, पॅनल कुठं हायत?"

"कापडाखाली," मी म्हणालो. "तापले की पॅनल कमी वीज देतात. म्हणून त्यांच्यावरही सावली केली."

"म्हंजे आत्तापर्यंत मोटर लाइनवर चालली! ऊन न्हाई मिळालं की ड्राइव्ह आपोआप लाइन घेती!"

शंभर माणसांनी मांडव ओढून काढला. पॅनल उन्हात लखलखले आणि पाणी पुन्हा उसळलं. लाइन बंद, तरी पाणी चालू! मालविका चिखलात उभी राहून हसत होती. "शेत तुमचंच, अहो!" मला इतका आनंद झाला की मीही चपलांसकट वाफ्यात उतरलो. पाहुण्यांनी पॅनलच्याच सावलीत भजी संपवली.

जिंकलो की नाही? जिंकलोच!

फक्त सोमवारी आठवीला 'सौर ऊर्जा' शिकवायची आहे. राघवेंद्रनं लातूरला जाणं लांबवलंय. मागच्या बाकावर बसायला येणार म्हणतो!