मुख्याध्यापिकाबाईंची गळती

दोरीवरच्या विसाव्या उडीला मुख्याध्यापिकाबाईंच्या लक्षात आलं, की पायाखालची चटई ओली झाली आहे आणि त्याला घाम म्हणता येणार नाही. त्यांनी प्रसंगावधान राखून पाण्याची बाटली लवंडून दिली.

“अगं बाई, सांडलं!”

दुसऱ्या दिवशीही सांडलं. तिसऱ्या दिवशी बायकांचा व्यायामाचा वर्ग घेणाऱ्या ताईंनी बाटल्या बाहेर ठेवायला लावल्या, तेव्हा बाईंनी छताकडे बोट दाखवलं. “एसी ठिबकतोय वाटतं.” एसीवाला आला, तासभर खटपट करून “हा ठणठणीत कोरडा आहे” म्हणून गेला. त्या दिवशी उड्या बुडाल्या. बाईंनी त्याला मनोमन दुवा दिला.

वर्ग सोडला की प्रश्न मिटत होता. पण तीस वर्षं मुलांना ‘पळू नका’ म्हणून ओरडलेल्या बाईंना आत्ता कुठे स्वतःला पळायला मिळालं होतं. तो तास सोडवेना.

शनिवारी ताईंनी सगळ्यांना बसवलं. “स्पष्टच बोलते. गळती फार वाढलीय. थांबली नाही, तर वर्ग बंद करावा लागेल.”

बाईंना वाटलं, आपल्यापायी सगळ्यांचा वर्ग बुडणार! दरवर्षी शाळेतल्या गळतीचा अहवाल लिहिणाऱ्या बाईंना तो अर्थ नेमका तेव्हाच आठवला नाही. त्या उभ्या राहिल्या.

“ताई, वर्ग बंद नका करू. गळती माझी आहे. उडी मारली की होते.”

ताई गोंधळल्या. “अहो, मी बायका सोडून जातात त्याबद्दल बोलतेय! वीसजणी होत्या, नऊ उरल्या.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. तेवढ्यात बँकवाली पुटपुटली, “माझी तर शिंकेलाही होते.”

“मला वाटलं, मी एकटीच!” शिवणवाल्या काकू म्हणाल्या. “आणि माझी जाऊ गुडघ्याचं नाव सांगून गेली. गुडघा कसला डोंबलाचा!”

ताईंनी गेलेल्या अकराजणींना फोन लावले. सहा गुडघे, तीन सासवा आणि दोन पाहुणे होते. खोदून विचारल्यावर सगळ्यांचं कारण एकच निघालं.

ताईंनी एक फिजिओथेरपिस्ट बाई बोलावल्या. उड्यांआधी ओटीपोटाखालचे स्नायू आवळायला त्या शिकवणार होत्या. ही बातमी तोंडातोंडी गावभर झाली.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाई पाच मिनिटं उशिरा पोचल्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात एक अनोळखी बाई उभी होती.

“अहो, मला जाऊ द्या. पहिली गळती माझी आहे!”

“पहिली असो नाहीतर शेवटची,” ती म्हणाली, “रांग तिकडून आहे.”