रांगोळीतली चिप

तपासणी समिती अकराला येणार होती आणि संशोधक विद्यार्थिनी रितिकाकडे चिप एकच उरली होती. बोटाच्या पेराएवढा पारदर्शक रबराचा तुकडा, आत केसाहून बारीक नळ्या. निरोगी रक्ताचा थेंब त्यांतून मिनिटभरात पार होई. सिकलसेल या रक्ताच्या आजारात ते अडून बसे. आज थेंब नीट वाहिला तर संशोधनाला एक वर्षाची मुदतवाढ, नाहीतर चार वर्षं वाया. धूळ जाऊ नये म्हणून नळ्यांच्या तोंडावर तिने चिकटपट्टी लावली आणि ती सुया आणायला गेली.

परतली तेव्हा टेबलावर रांगोळी होती. कमळाच्या मधोमध चिप.

"सिंधूताई, हे काहून काढलं?"

"मले काय विचारते वं? सायबानं सांगितलं." प्रयोगशाळा झाडणाऱ्या सिंधूताईंनी बोटं पदराला पुसली. "पाहुणे येऊन राहिले अन् टेबल बोडकं."

विभागप्रमुख देवराव सर दारातच होते.

"सर, एक कण आत गेला तरी…"

"पट्टी लावली ना तू? मग. दीड तास बसून काढली त्या बाईनं. पुसू नको."

समितीचे अध्यक्ष रुपरावजी, निवृत्त अधिकारी, घामाघूम होऊन आले. त्यांनी रांगोळी डोळे भरून पाहिली. "चिप मात्र दिसून नाही राहिली," म्हणाले. देवराव सरांनी लगेच पट्टी सोलली. पाहुण्यांना उकडत होतं, म्हणून कूलरही लावला. कमळाच्या दोन पाकळ्या उडाल्या.

रितिकाने सुईसाठी स्वतःचं बोट पुढे केलं.

"थांब. माझं घे," रुपरावजी म्हणाले.

थेंब नळीत शिरला आणि अर्ध्या वाटेत थांबला. एक मिनिट गेलं. तीन गेली.

रुपरावजींचा चेहरा उतरला. "अडलं म्हणजे मले आहे काय?"

"हो म्हण," देवराव सर तिच्या कानाशी पुटपुटले. "चिप चालते, एवढं तरी सिद्ध होईल."

रितिकाने चिप उजेडात धरून पाहिली. "नाही सर. नळीत रांगोळी अडकली. तुम्ही ठणठणीत आहात."

"मन राखून राहिली तू, पोरी." चहाही न घेता ते सरळ दवाखान्यात गेले.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. रक्त निर्दोष निघालं होतं. "तू म्हणाली तसंच झालं. तुझं नाव घेऊन लिहिलं मी अहवालात."

अहवाल सोमवारी आला. 'सदर विद्यार्थिनी चिपशिवायही अचूक निदान करते, याचा अध्यक्षांनी स्वतः अनुभव घेतला. सबब, चिपसाठी मुदतवाढीची आवश्यकता दिसून येत नाही.'